थंड भट्टीची दारू

गेल्या वर्षी थंडी सरता सरता मी जावयाबरोबर दारू चाखायच्या सहलीला गेले. हे सांगितलं की माझ्या जुन्या मैत्रिणी आधी हसतात. मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होते. दारू पिऊन आलेली माणसं मी धुतली, पुसली, कॉटला बांधून ठेवली, त्यांच्या बायकांना चहा पाजला. स्वतः मात्र कधी थेंब तोंडात घेतला नाही.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं धाराशिवला आली होती. सातवा महिना लागला होता. जावई पुण्याला नोकरीत, शनिवारी यायचे, रविवारी संध्याकाळी परत जायचे. माणूस व्यसनी नव्हे, हे आधीच सांगते. पण खाण्यापिण्याचा भारी नाद. कुठल्या गावाला कुठली भाकरी, कुठला रस्सा, सगळं शोधून काढायचे आणि फोटो घ्यायचे. त्यांनीच ही सहल मोबाईलवर हुडकली.

"आई, आपल्या भागात पूर्वी दारू कशी गाळायचे ते दाखवतात. थोडी चाखायला देतात. परवान्याची जागा आहे, वेडंवाकडं काही नाही."

मुलीनं मला आत बोलावलं. "तू जा त्यांच्याबरोबर. तू असलीस की मापात राहतील."

म्हणून मी गेले, पहारेकरी म्हणून.

जीप सकाळी दाराशी आली. चालवणारा आणि माहिती सांगणारा एकच, तिशीचा, जळकोटचा पोरगेला माणूस. सोलापुरात हॉटेलात नोकरी करून कंटाळला आणि गावाकडं येऊन हा उद्योग काढला, असं त्यानं पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. मला तो मावशी म्हणू लागला. गाडीत आधीच सोलापूरचं एक जोडपं बसलेलं होतं. नवरा निवृत्त गणिताचे मास्तर, वयानं सत्तरीकडं झुकलेले, अंगानं किरकोळ. बायको अबोल, खिडकीकडं तोंड करून बसलेली.

सकाळचा भाग चांगलाच झाला. येडशीच्या अलीकडं एका शेतात ती परवान्याची भट्टी होती. तांब्याचं भांडं, स्वच्छ फरशी, भिंतीवर कागदपत्रं लावलेली. मोहाची वाळलेली फुलं मनुक्यासारखी दिसतात, हे मला तिथं कळलं. आमच्या डोंगरात मोह मोजकाच, फुलं किनवटकडून येतात, हेही गाडीवाल्यानं लपवलं नाही. "निजामाच्या राज्यात हितं मोहाचीच चालायची," तो म्हणाला. "नंतर ती मागं पडली. मग गूळ, नवसागर आन बाभळीची साल घालून गावठी काढाय लागले." जावयांनी आणि मास्तरांनी अंगठ्याएवढ्या पेल्यांतून तीन तीन वेळा चाखली. मी नुसता वास घेतला. फुलांचाच वास होता, खाली थोडा धुराचा.

जेवण रामलिंगच्या जंगलाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी ठेवलं होतं. मटणाचा रस्सा, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवताना जावई म्हणाले, "सकाळची चांगली होती, पण ती बाटलीतली झाली. गावात माणूस जी पितो ती कुठं मिळते?"

गाडीवाला भाकरी मोडता मोडता थांबला. "साहेब, ते आपल्या प्रोग्रामात न्हाय."

"प्रोग्राम राहू द्या हो. एक पेला. कशी असते ते तरी कळू दे."

मास्तरांनीही री ओढली. "मी तरुणपणी पहिल्या धारेची प्यायलोय. ती पुन्हा मिळाली तर बघू."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर ते तिथंच थांबलं असतं, हे मला आजही वाटतं. पण चारचौघांत जावयाला अडवायचं कसं? मी ताटाकडं बघत राहिले. माझं गप्प राहणं त्यानं होकारात धरलं.

जीप डांबरी सोडून पाणंदीला लागली, मग नुसत्या चाकोरीला. डोंगराच्या कुशीत एक पत्र्याचं शेड होतं. समोर चार शेळ्या बांधलेल्या. शेडचा मालक पन्नाशीपुढचा, वाळका, एका पायानं लंगडत चालणारा. त्यानं पाहुण्यांना पोती अंथरून दिली. बाजूला भट्टी होती. तीन दगडांची मोठी चूल, वर काळंठिक्कर पडलेलं पातेलं, एक रबरी नळी. जावई लगेच फोटो काढायला लागले.

"कधी काढलीय?" मास्तरांनी विचारलं.

"आज पहाटं. ताजी हाय. पहिल्या धारेची."

तो आत गेला आणि पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कॅनमधून स्टीलच्या पेल्यांत ओतून घेऊन आला. एक मास्तरांना, एक जावयांना, एक स्वतःला. "पावण्याबरुबर घ्यावी लागती," म्हणाला. गाडीवाल्यानं हात जोडून नको म्हटलं, त्याला गाडी चालवायची होती.

मी उगाच भट्टीपाशी जाऊन उभी राहिले. पहाटेच्या जाळाची ऊब असेल म्हणून हात पुढं केला. ऊब नव्हती. मी वाकून राखेत बोटं घातली. राख गार आणि ओलसर होती, वरचा थर पापडीसारखा धरलेला. पातेल्यात डोकावले तर तळाशी लिंबाचा वाळका पाला पडलेला. रबरी नळीच्या तोंडाला कोळ्यानं जाळं विणलं होतं. ह्या भट्टीवर आज पहाटे तर सोडाच, महिनाभरात काही शिजलेलं नव्हतं.

मग कॅनमध्ये काय होतं?

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी परंड्याकडच्या एका ग्रामीण दवाखान्यात होते. एका दुपारी एका गावाहून टेम्पोतून नऊ माणसं आणली. आदल्या दिवशी सगळे एका लग्नात पिऊन आले होते, रात्री नीट जेवून झोपले होते. त्यातला एक तगडा माणूस कॉटवर उठून बसला आणि मला म्हणाला, "सिस्टर, अंधार पडला, लाईट तर लावा." खिडकीतून ऊन त्याच्या मांडीवर पडलेलं होतं. नऊतले चार गेले. आमचे त्या वेळचे डॉक्टर म्हणाले होते, ही दारू गाळलेली नव्हती, कारखान्यातलं विषारी स्पिरिट पाण्यात मिसळून विकलेलं होतं. वासानं कळत नाही, चवीनं कळत नाही. पिणाऱ्याला त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी होतं.

हे सगळं डोक्यात येऊनही मी लगेच बोलले नाही. मला वाटलं, मी चुकत असेन. वाटलं, दुसरीकडं कुठं गाळून आणली असेल. वाटलं, जावयांचा अपमान होईल. तेवढ्यात त्या माणसानं दुसऱ्यांदा कॅन आणला आणि दोघांचे पेले भरले. मास्तरांनी एका घोटात रिकामा केला. जावयांनी तोंडाला लावला तेव्हा मी पुढं होऊन पेल्यावर हात ठेवला. निम्मा पोटात गेला होता. निम्मा माझ्या मनगटावर सांडला.

"आई, काय करताय?"

मी त्यांच्याकडं न बघता शेडवाल्याला विचारलं, "ही तुम्ही काढली नाही. कुठून आणली?"

"म्याच काढली की बाई."

"तुमच्या चुलीत महिनाभर जाळ नाही. मी दवाखान्यात नर्स होते. पोलीस नाही. खरं सांगा."

तो शेळ्यांकडं बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "पाय मोडल्यापासनं जमत न्हाय. एक जण मोटारसायकलवर कॅन आणून देतुया. त्यात पाणी घालायचं आन इकायची."

"तो कुठून आणतो?"

"त्यानं सांगितलं न्हाय. म्या इचारलं न्हाय."

"हा कॅन कधीचा?"

"आजच फोडला. म्याबी आता तुमच्यासंगं पयल्यांदाच घेतली."

म्हणजे ह्या कॅनमधली आधी कुणी प्यायलेली नव्हती. मी पाण्याची बाटली रिकामी केली, त्यात कॅनमधली थोडी ओतून घेतली आणि झाकण घट्ट लावलं. शेडवाल्याला म्हणाले, "तुम्हीपण चला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

"मला काय झालंय?" तो मागं सरकला. "शेरडं कोण बघणार?" तो आत गेला आणि त्यानं पत्र्याचं दार लावून घेतलं. मी दोनदा हाका मारल्या. गाडीवाला तोवर जीपमध्ये जाऊन बसला होता आणि त्यानं इंजिन चालू केलं होतं.

जीप परतीच्या चाकोरीला लागली. मी मागं बसून दोघांच्या तोंडाकडं बघत होते. दोघं धडधाकट. मास्तरांचे गाल थोडे लाल झाले होते, एवढंच.

शेवटी जावई म्हणाले, "आई, तुम्ही तमाशा केलात. मला काही झालेलं नाही. मी एकदम बरा आहे."

"आज बरंच वाटणार तुम्हाला. सकाळी चांगली दारू घेतलीय, ती पोटात आहे तोवर विष दबून राहतं. उद्या डोकं वर काढतं."

"आणि विष नसलंच तर?"

"तर मला जन्मभर हसा."

मास्तरांच्या बायकोनं त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडं वळून पाहिलं. "डोळे जातात म्हणतात, ते हेच का?" मी मान हलवली. तिनं नवऱ्याचा हात धरला तो मग सोडलाच नाही.

हमरस्त्याला लागताना गाडीवाल्यानं जीप कडेला घेतली.

"मावशी, म्या तुम्हाला तुमच्या घरी सोडतो. तिथनं तुम्ही रिक्षा करून कुठंबी जावा. माझ्या गाडीतनं दवाखान्यात न्हाय. पोलीस केस झाली तर माझा धंदा बसला. लायसनवाल्या भट्टीचीबी बदनामी. त्यांनी काय केलंय?"

"घरी माझी मुलगी आहे, सात महिन्यांची पोटुशी. तिच्या दारात हे घेऊन जाऊ?"

"म्या साहेबांना न्हाय म्हणलं होतं."

"म्हणाला होतास. मी ऐकलंय." त्यानं मागं वळून पाहिलं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "दवाखान्यात सगळे माझ्या ओळखीचे आहेत. तुझं नाव कुठं येणार नाही. पोलीस येणार नाहीत. माझा शब्द."

हे खोटं होतं. अशी केस आली की पोलिसांना कळवावंच लागतं. असे कागद मी स्वतः शेकड्यांनी भरले होते. पण मला त्या क्षणी फक्त ती गाडी डावीकडं वळायला हवी होती, आणि ती वळली.

सरकारी दवाखान्यात त्या दिवशी जी डॉक्टर होती ती पूर्वी शिकाऊ असताना माझ्या वॉर्डात होती. मला बघून उठून उभी राहिली. मी बाटली टेबलावर ठेवली आणि पाच वाक्यांत सगळं सांगितलं. तिनं एकही प्रश्न उगाच विचारला नाही. दोघांच्या मनगटातून रक्त काढलं, सलाईन लावलं. मग एका चिठ्ठीवर औषधाऐवजी दारूचं नाव आणि माप लिहून शिपायाला दुकानात पिटाळलं. जावई ते बघून चक्रावले.

"हेच औषध आहे," ती म्हणाली. "चांगली दारू मापानं देत राहायची, म्हणजे शरीर विषाला हात लावत नाही. तोवर ते बाहेर काढायचं." तिनं मापाच्या ग्लासात ओतून त्यांच्या हातात दिलं. सकाळपासून हौसेनं चाखणारे माझे जावई तो ग्लास धरून रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तोवर मी त्यांना कधी हात लावला नव्हता.

तासाभरात रक्ताचे आकडे आले. डॉक्टर मला बाजूला घेऊन गेली. "सिस्टर, मास्तरांच्या रक्तात आम्ल वाढायला लागलंय. जावयांचं अजून ठीक आहे. तुम्ही उद्या सकाळी आणलं असतं तर मला काही करता आलं नसतं." मास्तरांना डायलिसिससाठी रुग्णवाहिकेनं सोलापूरला धाडलं. स्ट्रेचरवरून जाताना ते मला म्हणाले, "मला तर काहीच होत नाहीये हो." त्यांचा अजूनही विश्वास नव्हता.

चौकीतला हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा गाडीवाला पायऱ्यांवर बसला होता. त्यानं हवालदाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी नजर चुकवली. हवालदारानं त्याचं नाव, गाव, गाडीचा नंबर लिहून घेतला. सही करून गाडीवाला जीपमध्ये बसला आणि निघून गेला. मला वाटलं, पळाला.

आता मला घरी फोन करायचा होता. मी तीनदा नंबर लावला आणि तीनदा कापला. चौथ्यांदा मुलीनंच केला. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती म्हणाली, "त्यांना दिसतंय ना?" मी म्हणाले, दिसतंय. "मग फोन त्यांच्याकडं दे." मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले.

दिवस कलता कलता जीप परत आली. त्या गाडीवाल्यानं शेडचं दार कडीसकट उचकटून त्या लंगड्या माणसाला खांद्यावर टाकून आणलं होतं. कॅन त्याच्याजवळच राहिला होता. आमच्यामागं घाबरून, आम्ही परत येऊन कॅन नेऊ म्हणून, त्यानं आणखी दोन पेले घेतले होते. तो पुरता धुंदीत होता. गाडीवाला माझ्यासमोरून गेला, पण माझ्याशी बोलला नाही.

ती रात्र आणि पुढचे दोन दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही. जावई तिसऱ्या दिवशी घरी आले, दृष्टी शाबूत. मास्तरांना सोलापुरात आठवडा लागला. त्यांना आता बारीक अक्षर वाचता येत नाही, बायको वाचून दाखवते. शेडवाला वाचला, पण त्याचे डोळे अधू झाले ते झालेच. समोरचा माणूस त्याला धुक्यातल्यासारखा दिसतो. मोटारसायकलवरून कॅन देणारा सापडला की नाही, मला ठाऊक नाही. मला एकदा जबाबाला बोलावलं, त्यानंतर नाही.

जावई त्या दिवसाबद्दल माझ्याशी तीन महिने बोलले नाहीत. नातवाच्या बारशाला सगळे पाहुणे गेल्यावर ते स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "आई, तुम्ही पहिल्याच पेल्याला का नाही अडवलंत?" रागानं नव्हे, खरंच विचारत होते. मी म्हणाले, "तुम्ही जावई म्हणून." त्यांनी मान हलवली. "पुढच्या वेळी अडवा," म्हणाले आणि भांडी विसळायला लागले.

त्यानंतर मी जळकोटला गेले. त्या गाडीवाल्याला दिलेला खोटा शब्द मनातून जात नव्हता. त्याला दोन महिने पोलीस स्टेशनच्या चकरा पडल्या होत्या, सहली बंद झाल्या होत्या. घर विचारत विचारत गेले तेव्हा तो अंगणात जीपचं चाक बदलत होता. मला बघून उठला, हात पुसले, आईला चहा टाकायला सांगितला.

मी म्हणाले, "मी तुझ्याशी खोटं बोलले. पोलीस येणार हे मला ठाऊक होतं."

"मलाबी ठाऊक होतं, मावशी," तो म्हणाला. "भावजयीला साप चावला तवाबी पोलीस आलते. विषाच्या केसला येतेतच."

"मग गाडी का नेलीस?"

त्यानं पाना खाली ठेवला. "दिवसभर तुम्हाला बघत होतो. तुम्ही खोटं बोलणाऱ्यातल्या न्हाय. म्हणलं, ही बाई माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलतीया, म्हंजी गोष्ट लई मोठी हाय."

त्याच्या आईनं चहा आणला, तो लई गोड होता. त्यानं सांगितलं की आता तो लोकांना नळदुर्गचा किल्ला दाखवायला नेतो, दारूचं नाव काढत नाही. महिन्यातून एकदा डोंगरात त्या माणसाकडं जातो, शेळ्यांचा चारा टाकून येतो.

परत निघताना त्यानं चाक चढवलं आणि मला स्टँडवर सोडलं. तुळजापूरच्या गाडीला वेळ होता. ती येईपर्यंत तो तिथंच थांबला.